टायरची रचना आणि गाडीचं हँडलिंग : नेमके मराठी शब्द कोणते?

चाकोरी
गाडीदुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी टायर आणि हँडलिंगवर मराठीत टिपणं लिहून होत आहेत. त्यातल्या शब्दांवर इथल्या जाणकारांचं मत हवंय.

गोची अशी आहे की ‘ग्रिप’ म्हणजे पकड, ‘रोडहोल्डिंग’ म्हणजेही पकड, आणि ‘हँडलिंग’ आलं की तिथेही लोक पकडच लिहितात. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. ‘स्लिप अँगल’चं ‘घसरकोन’ केलं तर शिकणाऱ्याला वाटतं की टायर घसरायला लागल्यावरच हा कोन तयार होतो. ‘अलाइनमेंट’ (चाकांचे कोन लावणं) आणि ‘बॅलन्सिंग’ (फिरत्या चाकाचं वजन समतोल करणं) यांची तर रोज अदलाबदल होते आणि त्यापायी चुकीचं काम केलं जातं.

माझी भूमिका सरळ आहे. जो मराठी शब्द त्या भागाचं काम दाखवतो तो घ्यावा, नाहीतर रुळलेला इंग्रजी शब्द तसाच ठेवावा. या शब्दांवर मतं द्या : बीड, कार्कस, एपेक्स, बेल्ट, ट्रेड, साइडवॉल, स्लिप अँगल, अंडरस्टिअर, ओव्हरस्टिअर, कॅम्बर, टो.

वंगण
चांगला विषय. टायर आतून बाहेर उलगडत गेलं की शब्द आपोआप सुचतात.

सगळ्यात आत इनर लायनर. ब्यूटाइल जातीच्या रबराचा पातळ थर. यातून हवा फार सावकाश झिरपते, म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम हाच करतो. याला ‘अस्तर’ म्हणा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

त्यावर कार्कस. याला काही जण ‘सांगाडा’ म्हणतात, पण सांगाडा म्हटलं की हाडांसारखं ताठ काहीतरी डोळ्यांपुढे येतं. हे तर सूत आहे : पॉलिएस्टर किंवा रेयॉनचे दोर, रबरात बुडवलेले, एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत ताणलेले. एकटं हे कापड गाडीचं वजन पेलू शकत नाही. आतली हवा दोरांना ताणते, आणि त्या ताणावर गाडी उभी राहते. विणकामातला ‘ताणा’ हा शब्द इथे चपखल बसतो. टायरचं कापड विणतातही तसंच : उभे दोर जाड आणि मजबूत, आडवे धागे अगदी विरळ, फक्त दोर जागेवर राहावेत एवढ्यापुरते. म्हणजे ताणा आहे, बाणा नावालाच.

बीड म्हणजे पोलादी तारांची न ताणणारी कडी. कार्कसचे दोर हिच्याभोवती वळसा घेऊन परत वर चढतात. हवेचा दाब बीडला रिमच्या बैठकीवर दाबून बसवतो. याला ‘काठ’ म्हणावं असं सुचवतो.

बीडच्या वर त्रिकोणी, कडक रबर असतं ते एपेक्स. आकाराने आणि कामानेही ती पाचरच आहे, म्हणून ‘पाचर’. ही उंच आणि कडक केली की स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो, मात्र खड्ड्याचा दणकाही जास्त जाणवतो.

बेल्ट म्हणजे ‘पट्टे’. मोटारीच्या टायरमध्ये बहुधा दोन पोलादी पट्टे, तारा परिघाच्या रेषेशी साधारण २० ते २५ अंशांवर, एकाच्या डावीकडे तर दुसऱ्याच्या उजवीकडे तिरक्या. तारांवर पितळेचा मुलामा असतो आणि त्याचं कारण गंज हे नाही. टायर भट्टीत शिजताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं, आणि रबर तारेला धरून बसतं. हा जोड सुटला की पट्टाच सुटतो.

जास्त वेगाच्या टायरमध्ये पट्ट्यांवर नायलॉनचा आणखी एक थर असतो, परिघाला समांतर गुंडाळलेला. वेग वाढला की पट्टे बाहेर फाकू पाहतात. नायलॉन तापलं की आकसतं आणि त्यांना आवळून धरतं. याला ‘आवळपट्टी’ म्हणता येईल.

राहिलं ट्रेड. लोक सरसकट ‘नक्षी’ म्हणतात, पण नक्षी म्हणजे खाचांची रचना. रस्त्याला लागणाऱ्या अख्ख्या जाड रबराला ‘तळवा’ म्हणावं. मग वाक्य नीट होतं : तळवा झिजला की नक्षी पुसट होते.

तिठा
पाचर आणि तळवा, दोन्ही झकास. +१

शब्दवेध
ताणा फारच आवडला. ‘काठ’ला मात्र विरोध. रिमलाही काठ असतो, आणि खड्ड्यात आपटून वाकतो तोच. ‘काठातून हवा जाते’ एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याने टायरचा काठ तपासायचा की रिमचा? दोन्ही ठिकाणी बिघाड वेगळा. रिम वाकली तर ती सरळ करायची किंवा बदलायची. बीडच्या बैठकीवर गंज चढला असेल तर टायर उतरवून बैठक घासून साफ करायची आणि सीलर लावून परत बसवायचा. टायर चढवताना लिव्हरने बीड फाटला असेल तर टायर बाद, तिथे दुरुस्तीच नाही. एवढा फरक ज्या शब्दावर अवलंबून आहे तो ‘बीड’च राहू द्या.

वंगण
@शब्दवेध, पटलं. काठ मागे घेतो.

निमूट
रेडियलला ‘अरीय’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत आहेच. आरा म्हणजे चाकाची कांडी. रेडियल टायरकडे बाजूने पाहिलं तर ताण्याचे दोर अगदी आऱ्यांसारखे केंद्राकडून बाहेर जातात. जुन्या बायस टायरला ‘तिरकस’. त्यात थरांचे दोर मध्यरेषेशी साधारण ३० ते ४० अंशांवर एकमेकांना छेदत जातात.

फरक दोरांच्या दिशेपुरता नाही. तिरकस टायरमध्ये बाजू आणि तळवा यांना तेच थर धरून असतात. बाजू दबली की दोर कात्रीसारखे हलतात आणि तळवाही पिळवटतो, त्यातून उष्णता आणि झीज. अरीय टायरमध्ये ही कामं वाटली गेली : बाजू लवचीक, तळवा पट्ट्यांमुळे ताठ. मिशलँने (मिशेलिन टायर कंपनीने) १९४६ मध्ये याच रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये टायर बाजारात आणला.

टिपणांत एक इशारा ठळक टाका. दोन्ही जाती एकाच आसावर कधीही बसवू नयेत. पुढे अरीय आणि मागे तिरकस हीसुद्धा धोक्याची जोडी. तेवढाच बाजूचा जोर काढायला तिरकस टायरला जास्त स्लिप अँगल (चाकाचं तोंड आणि त्याचा प्रवास यांमधला कोन) लागतो, त्यामुळे वळणावर मागचा भाग बाहेर निघतो.

पाटी_कोरी
एक प्राथमिक प्रश्न. टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं असतं. ५५ म्हणजे बाजूची उंची ५५ मिमी ना?

निमूट
नाही, ५५ हे टक्के आहेत. रुंदी २०५ मिमी, तिच्या ५५ टक्के म्हणजे बाजूची उंची ११२.७५ मिमी. रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. त्यात वरची आणि खालची बाजू मिळवली की टायरचा व्यास सुमारे ६३२ मिमी येतो. ‘आर’ म्हणजे रेडियल, त्रिज्या नव्हे. ९१ हा भारांक, एका टायरला जास्तीत जास्त ६१५ किलो. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत.

रुंदी मोजतात ती फुगवलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. तळव्याची रुंदी त्याहून कमी भरते. टेप लावून कमी भरलं म्हणून टायर खोटा ठरत नाही.

आरेखक
आता स्लिप अँगल. ‘घसरकोन’ का चुकतो ते बघायचं तर तळव्यावरच्या एका ठोकळ्याचा पाठलाग करा.

गाडी वळते आहे. चाकाचं तोंड एका दिशेला आणि चाकाचा प्रत्यक्ष प्रवास जरा वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. आपला ठोकळा पुढून रस्त्याला टेकला. टेकला तिथे तो चिकटून बसला. चाक मात्र पुढे जाता जाता बाजूला सरकतंय. म्हणून ठोकळा आणि त्यामागचा पट्टा हळूहळू वाकत जातात. पुढच्या टोकाला वाक जवळजवळ शून्य आणि मागे जावं तसा वाढत जाणारा. हा वाक म्हणजेच बाजूचा जोर. शेवटी मागच्या टोकाला घर्षणाची मर्यादा संपते, ठोकळा सुटतो, सरळ होतो आणि वर उचलला जातो.

म्हणजे कोन लहान असताना टायर जवळपास घसरतच नाही, फक्त वाकतो. आणि वाक मागच्या भागात जास्त असल्यामुळे एकूण जोर टेकणीच्या (टायर रस्त्याला टेकतो त्या जागेच्या) मध्यबिंदूच्या थोडा मागे लागतो. तो चाकाला सरळ करू पाहतो. वळण घेताना स्टिअरिंग हातात जड लागतं त्यात याचा मोठा वाटा असतो. कोन वाढला की घसरण मागून पुढे पसरते, जोराचा बिंदू मध्याकडे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. बाजूचा जोर शिखराला पोचण्याआधीच ही हलकं होण्याची सूचना मिळते. पाण्यावर किंवा बर्फावर गाडी चालवणाऱ्याला हे कळलंच पाहिजे.

जर्मन लोक याला ‘श्रेगलाउफविंकेल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तिरकं धावण्याचा कोन. त्यात घसरणं नाहीच. मराठीत ‘तिरपचाल कोन’ सुचवतो.

तिठा
खेकड्याची चाल डोळ्यांसमोर आली. शब्द लगेच बसला डोक्यात.

शब्दवेध
‘टेकणी’ हा शब्दही टिपून ठेवा. कॉन्टॅक्ट पॅचसाठी ‘संपर्कक्षेत्र’ वगैरेपेक्षा किती साधा आहे.

गतिरोधक
अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअरसाठी ‘पुढून सुटणे’ आणि ‘मागून सुटणे’ असं लिहा, कामच झालं.

आरेखक
@गतिरोधक, थांबा. सुटणं ही टोकाची अवस्था झाली. अंडरस्टिअर हा गाडीचा स्वभाव आहे आणि तो पकड पुष्कळ शिल्लक असतानाही मोजता येतो. आयएसओ ४१३८ या आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी बघा. ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर गाडी फिरवायची, वेग सावकाश वाढवायचा, आणि त्या वर्तुळावर टिकून राहायला स्टिअरिंग किती फिरवावं लागतं ते नोंदवत जायचं. वेगाबरोबर स्टिअरिंग वाढवावं लागलं तर गाडी अंडरस्टिअर, कमी करावं लागलं तर ओव्हरस्टिअर, तेवढंच राहिलं तर तटस्थ. मुळाशी एकच तुलना आहे : पुढच्या चाकांचा तिरपचाल कोन मोठा की मागच्या.

गतिरोधक
मान्य. मग ‘ऊनवळण’ आणि ‘अतिवळण’?

तिठा
‘ऊनवळण’ वाचून लोक सावली शोधतील.

पाटी_कोरी
गाडीचा स्वभावच सांगायचाय तर ‘कमवळू’ आणि ‘अतिवळू’ म्हणता येईल की.

शब्दवेध
@पाटी_कोरी, वळू म्हणजे सांड हो! तसा अतिवळू गाडीचा स्वभाव साधारण तसाच असतो म्हणा. पण गंभीरपणे सांगायचं तर हे दोन शब्द इंग्रजीच ठेवावेत. वाहनगतीची परिभाषा आयएसओ ८८५५ आणि एसएई जे ६७० या मानकांत काटेकोर बांधलेली आहे. शिकणाऱ्याला पुढे ती वाचायची आहे. मराठी वाक्यात व्याख्या द्या, नाव तेच राहू द्या.

वंगण
हँडलिंगबद्दल कुणी बोललंच नाही. पकड म्हणजे किती जोर निघतो. हँडलिंग म्हणजे चालकाने स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांतून काही सांगितल्यावर गाडी कसं उत्तर देते. भरपूर पकड असलेला टायर लावूनही गाडी वाईट वागू शकते, पकड अचानक सुटत असेल तर. ‘गाडीचं वागणं’ असं लिहिलं तर?

निमूट
वागणं चांगलं. त्याच ओघात एक दुरुस्ती. ‘वळताना गाडी कलते म्हणून वजन बाहेरच्या चाकांवर जातं’ हे वाक्य जिकडेतिकडे छापलेलं असतं आणि ते चूक आहे. कलणं वेगळं, भार सरकणं वेगळं.

भार सरकतो तो गुरुत्वमध्य रस्त्याच्या वर असल्यामुळे. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५ मीटर, बाजूचं त्वरण ०.५ जी (गुरुत्वत्वरणाच्या निम्मं). सरकणारा भार १२०० × ०.५ × ०.५५ ÷ १.५ म्हणजे २२० किलो. या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही. गाडी अजिबात कलू दिली नाही तरी २२० किलो सरकणारच. कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर जातो तेवढीच थोडी भर.

अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी दांडी) काय करतो? कलणं कमी करतो आणि या २२० किलोंची पुढे-मागे वाटणी बदलतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर बाजूचा जोर दुपटीहून कमी वाढतो. म्हणून ज्या आसाच्या दोन चाकांवरचा भार जास्त विषम होईल त्या आसाची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला की अंडरस्टिअर वाढतो, मागचा जाड केला की कमी होतो. ‘बार जाड केला की पकड वाढते’ असं मोघम लिहू नका.

तिठा
कॅम्बर आणि टोला मराठी शब्द तयारच आहे : फेंगडा! पाय फाकवून चालणारा.

वंगण
शब्द मजेदार आहे, पण फेंगडं चाक म्हणजे वरून झुकलेलं (कॅम्बर) की पुढून फाकलेलं (टो)? झीज दोन्हींत वेगळी दिसते. कॅम्बर बिघडला तर टायरचा एकच खांदा (तळव्याची कड) झिजतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. टो बिघडला तर ठोकळ्यांच्या कडा एका बाजूने धारदार होतात. तळहात तळव्यावर आडवा फिरवा. एका दिशेने हात मऊ सरकतो, उलट फिरवला की करवतीचे दात लागतात. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. दोन्ही खांदे झिजले तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त. परिघावर ठिकठिकाणी खळगे पडले तर शॉक ॲब्सॉर्बर बघा.

टो मिमीत सांगत असाल तर कोणत्या व्यासावर मोजला तेही सांगा. १६ इंच रिमवर १ मिमी म्हणजे जेमतेम ०.१४ अंश. १८ इंच रिमवर तोच १ मिमी म्हणजे त्याहून कमी कोन. अंशांतच लिहावं, भानगड मिटते.

गतिरोधक
अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचा घोळ शब्दाने सुटणार नाही, तो लक्षणांवरूनच सोडवावा लागेल. ‘गाडी ओढते’ आणि ‘स्टिअरिंग थरथरतं’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवा.

थरथर ठरावीक वेगपट्ट्यात, बऱ्याचदा ताशी ८० ते १२० किमीच्या आसपास येते आणि त्यापुढे कमी होते : बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा पट्टा सुटत आलेला टायर. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर आधी डिस्क बघा.

गाडी ओढत असेल तर थेट अलाइनमेंटला धावू नका. आधी चारही टायरांची हवा थंड असताना सारखी करा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. ओढ उलट दिशेला गेली तर दोष टायरचा. तेवढीच राहिली तर अलाइनमेंट, किंवा अडकलेला ब्रेक. बाण असलेले, एकाच दिशेने फिरायचे टायर असतील तर अशी अदलाबदल करता येत नाही. तिथे त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदलून बघायचे.

आरेखक
यातल्या टायरच्या दोषाला कॉनिसिटी म्हणतात. पट्टा किंचित एका बाजूला बसला की टायर शंकूसारखा वागतो, आडवा ठेवलेला पेला ढकलला की गोल फिरतो तसा. ‘शंकूपणा’ हा शब्द घ्या. अलाइनमेंट कितीही केली तरी हा जात नाही.

आणि अलाइनमेंटचा क्रमही द्या : हवा, मग बॉल जॉइंट आणि बुश या सस्पेन्शनच्या सांध्यांची ढिलाई, मग गाडीची उंची, मग मागची चाकं, शेवटी पुढची. पुढच्यांत कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर आधी, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो. टो लावताना स्टिअरिंग मध्यावर बांधलेलं हवं, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग तिरपं.

पाटी_कोरी
थोडं विषयांतर. दोनच नवे टायर घेतले तर पुढे बसवायचे की मागे? पुढची चाकं गाडी ओढतात, मग पुढेच ना?

निमूट
मागे. ओल्या रस्त्यावर झिजलेले टायर मागे असतील तर मागचा भाग आधी सुटतो, आणि ते सावरणं बहुतेक चालकांना जमत नाही. पुढचा सुटला तर वेग कमी केल्यावर गाडी बहुधा परत ताब्यात येते.

चाकोरी
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतो. अस्तर, ताणा, पाचर, पट्टे, आवळपट्टी, तळवा, नक्षी, खांदा, टेकणी, तिरपचाल कोन, भार सरकणे, शंकूपणा हे मराठीत. बीड, रिम, कॅम्बर, टो, कॅस्टर, अंडरस्टिअर, ओव्हरस्टिअर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग तसेच. हँडलिंगला ‘गाडीचं वागणं’ व्याख्येत, शीर्षकात हँडलिंग. साइडवॉलला ‘बाजू’ पुरेल ना? की ‘भिंत’?

वंगण
बाजू पुरे. भिंत ताठ असते, आणि ही दर फेऱ्याला वाकते.

फक्त बाजूच्या प्रकरणात दोन शब्द वेगळे ठेवा, कारण इथे चूक महागात पडते. हवा भरल्यावर बाजूवर कधी बीडपासून तळव्याकडे जाणारी उथळ, उभी खोलगट रेघ दिसते. तिथे ताण्याच्या कापडाची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात. दोर दुप्पट, म्हणून ती जागा कमी ताणली जाते आणि आत राहते. ही ‘जोडरेघ’, टायर वापरायला हरकत नाही. उलट बाहेर आलेला उंचवटा म्हणजे ‘फुगा’. तिथे खड्ड्यात रिम आणि रस्त्यामध्ये बाजू चिमटून ताण्याचे दोर तुटलेले असतात आणि हवेचा दाब फक्त रबर पेलत असतं. फुग्याला दुरुस्ती नाही. तो टायर लगेच उतरवायचा, आणि स्टेपनी म्हणूनही ठेवायचा नाही.